पडलेली फांदी राईतच राहू द्या: आहुप्याला माणसं नेणाऱ्या ट्रेक आयोजकांना खुलं पत्र

पुणे, मुंबई, ठाणे आणि नाशिकहून आहुपे-भीमाशंकरच्या जंगलात ट्रेक नेणाऱ्या सर्व गटांस, संस्थांस आणि लीडर मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आषाढात मी आहुप्यात मुक्कामाला होते. भाताची लावणी ऐन भरात होती. ज्या घरी उतरले होते तिथली सगळी माणसं दिवसभर चिखलात वाकून आली होती आणि जेवणं उरकून साडेआठलाच आडवी झाली होती. साडेदहाच्या सुमारास पावसाच्या आवाजातून गाड्यांचा आवाज आला. दोन मोठ्या बस. थोड्याच वेळात घराच्या पत्र्यावर, ओसरीवर, गोठ्यातल्या गुरांच्या डोळ्यांवर हेडलॅम्पचे झोत फिरायला लागले. घरातल्या मुलाला हाका मारून उठवलं. 'चमकणारं जंगल', म्हणजे पावसाळ्यातल्या रात्री मंद उजेड देणारं कुजकं लाकूड, दाखवायला त्यालाच फोनवरून ठरवलं होतं. तो उठला, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेतला आणि सत्तरेक माणसांना घेऊन राईकडे, म्हणजे देवाच्या नावानं राखलेल्या रानाकडे, गेला. परत आला तेव्हा दीड वाजून गेला होता. पाचला पुन्हा उठून तो खाचरात उतरला.

सकाळी मी एसटीच्या थांब्याकडे गेले तर तिथल्या कट्ट्यावर ओल्या, कुजक्या फांद्यांचा ढीग पडलेला. रात्री कुणीतरी त्या राईतून आणल्या असणार, एकावर एक रचल्या असणार, दिवे मालवून फोटो काढले असणार आणि मग बस सुटली असणार. दिवसाच्या उजेडात ते नुसतं कुजकं लाकूड होतं. घरातली आजी पाण्याला निघाली होती. तिनं ढीग पाहिला, हंडा खाली ठेवला, त्या फांद्या कवेत घेतल्या आणि राईची वाट धरली. मी उरलेल्या उचलून मागोमाग गेले. वाटेत ती फारसं काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "देवाचं हाये बाय, ते बाहेर नाय ऱ्हात."

हे पत्र त्या ढिगाविषयी आहे.

त्या दोन बस कुणाच्या होत्या ते मला ठाऊक आहे, पण नाव घेऊन ठपका ठेवायला मी बसलेली नाही. मीही तुमच्यातलीच आहे. वीसेक वर्षं सह्याद्रीत चालते आहे, त्यातली बारा वर्षं लीडर म्हणून माणसं नेते आहे. आमच्या गटाच्या यादीतही 'आहुपे रात्र ट्रेक' होता. तेव्हा पुढे जे लिहिते आहे त्यातलं बरंचसं मी स्वतः केलेलं आहे, हे आधीच सांगून ठेवते.

ज्यांनी आहुपे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी चार ओळी. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याचं हे पश्चिम टोक. गावाच्या पुढे पठार संपतं आणि कडा सुरू होतो. खाली मुरबाडचा मुलूख, समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके, आणि पावसाळ्यात कोकणातून चढणारं धुकं. घोड नदी या बाजूच्या डोंगरात उगम पावते आणि पुढे डिंभ्याच्या धरणात अडते. त्या जलाशयाला याच तालुक्यातल्या हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. वस्ती महादेव कोळी समाजाची. भात, नाचणी, वरई ही पिकं आणि उन्हाळ्यात हिरडा. दक्षिणेला भीमाशंकरचं अभयारण्य. १९८५ साली जाहीर झालेलं, सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं, शेकरूसाठी ओळखलं जाणारं. आणि गावाला लागून देवराई.

मी पहिल्यांदा तिथे गेले ते २००९च्या पावसाच्या शेवटी, आहुपे घाटानं. खालच्या खोपिवलीतून पहाटे निघालो. ही वाट जुनी आहे, घाटमाथा आणि कोकण जोडणारी. आधी सागाचं विरळ रान, मग ओढे, मग पदर, म्हणजे कड्याखालचा सपाट टप्पा, आणि पदराच्या वर कारवीचं रान इतकं दाट की पुढच्या माणसाची फक्त पाठपिशवी दिसावी. सात वर्षांनी एकदा फुलणारी कारवी त्या साली फुललेली नव्हती. तरी तिचा ओला, कडवट वास अजून नाकात आहे. वर पोहोचायला आम्हाला पाच तास लागले. कड्यावर उभं राहिलो तर शेजारचा ओढा दरीत पडताना वाऱ्यानं उलटा वर उडत होता आणि आमच्याच अंगावर येत होता. माथ्यावर दहा मिनिटं कुणी बोललं नाही.

त्या रात्री आम्ही सहा जण होतो. जेवण झाल्यावर घरातले मामा म्हणाले, राईकडं चला, काही दाखवतो, पण बॅटऱ्या इथंच ठेवा. आम्हाला ते पटलं नाही. पावसातली रात्र, साप-विंचवाचं रान. त्यांनी स्वतःच्या हातात एक मिणमिणता कंदील घेतला, राईच्या तोंडाशी तोही विझवला आणि सगळ्यांना एका दगडावर बसवलं. बसलो. अंधार म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नव्हता. पानांवरून ठिबकणारं पाणी, बेडूक, कुठेतरी दूर ओढा. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. कुणीतरी कुजबुजलं, "काहीच नाहीये." आणि मग, अगदी हळूहळू, पायाशी काहीतरी आहे असं वाटायला लागलं. आधी फक्त एक फिकट डाग, नजर रोखली की नाहीसा होणारा आणि जरा बाजूला पाहिलं की पुन्हा उमटणारा. मग त्या डागाला आकार आला. ती एक आडवी पडलेली फांदी होती. मग तिच्या पलीकडे दुसरी. मग पालापाचोळ्यातलं एकेक पान, शिरांसकट. अर्ध्या तासानं आम्ही जणू चांदण्यात बसलो होतो, फक्त ते चांदणं जमिनीवर होतं.

मी फांदीचा एक वीतभर तुकडा मोडून घेतला आणि पिशवीत ठेवला. घरी आईला दाखवायचा होता.

मामांनी तो आवाज ऐकला. ते रागावले नाहीत. म्हणाले, "ताई, ते माघारी ठेवा. राईतलं लाकूड राईतच ऱ्हातं." मी ठेवला. पण खरं सांगते, तेव्हा मनात म्हटलं, केवढासा तो तुकडा, एवढं काय त्यात. त्यांची श्रद्धा म्हणून मान ठेवला, इतकंच. त्या वाक्यात किती ज्ञान होतं ते समजायला मला पुढची काही वर्षं लागली.

जे चमकतं ते लाकूड नसतं. लाकडाच्या आत पसरलेली बुरशी चमकते. मायसिना या प्रजातीतल्या काही अळंब्या आणि त्यांचं कवकजाल, म्हणजे लाकडाच्या आतबाहेर पसरलेले तिचे केसासारखे धागे, हिरवट उजेड देतात. जगात आजवर ज्या लाखाहून अधिक बुरशींची नोंद झाली, त्यांतल्या शंभराच्या आसपासच प्रकाश देणाऱ्या आहेत. बुरशीच्या शरीरातलं एक रसायन विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीनं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि त्यातून उष्णता जवळजवळ न देणारा थंड प्रकाश बाहेर पडतो. ते रसायन नेमकं कोणतं हे शास्त्रज्ञांना २०१५ साली उलगडलं. ब्राझीलमध्ये त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी अळंबीच्या आकाराच्या खोट्या टोप्या हिरव्या दिव्यांनिशी जंगलात ठेवल्या. उजेड देणाऱ्या टोप्यांकडे उजेड न देणाऱ्यांपेक्षा जास्त कीटक आले. तिथली ती बुरशी बहुधा बीजाणू पसरवायला कीटकांना बोलावत असावी. आपल्या सह्याद्रीतली बुरशी नेमकं कशासाठी चमकते, ते मला कुठे वाचायला मिळालेलं नाही. मला त्याचं दुःख नाही. काही प्रश्न पुढच्या पोरांसाठी राहू द्यावेत.

या बुरशीला जगायला लागतं काय? पडलेलं लाकूड, वर्षानुवर्षं जागचं न हललेलं. सतत ओल. वर दाट छत, म्हणजे ऊन थेट जमिनीला लागणार नाही. आणि पायांनी न तुडवलेला पाचोळा. फांदी उचलली, वाऱ्यावर धरली, कट्ट्यावर ठेवली की ती सुकायला लागते, आणि सुकली की उजेड जातो. खाली राहिलेल्या पाचोळ्याशी जोडलेले धागे उचलतानाच तुटलेले असतात.

आता आपल्या भागातलं कुठलंही राखीव रान डोळ्यांसमोर आणा. तिथे पडलेलं लाकूड किती दिवस टिकतं? गावाला चूल पेटवायची असते. वाळकी काटकी पहिल्या आठवड्यात मोळीत जाते, आणि ते योग्यच आहे, त्याशिवाय भाकरी भाजायची कशावर? म्हणून कुजायला लाकूडच उरत नाही. लाकूड कुजायला उरतं ते राईत, कारण राईतून वाळकी काडीसुद्धा न्यायची नाही असा नियम आहे. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा जो अभ्यास केला, त्यातही हे निर्बंध नोंदलेले आहेत: झाड तोडायचं नाही, आणि कितीतरी राईंत पडलेला पाचोळासुद्धा उचलायचा नाही. कुऱ्हाड न लागल्यामुळे झाडं राहिली हे आपण सगळे आपापल्या ट्रेकमध्ये सांगतोच. पण पडलेलं तसंच पडू दिल्यामुळे जमिनीत काय काय राहिलं, ते आपण सांगत नाही. तो उजेड त्यातलाच आहे.

आहुप्यात मी एक दृश्य अनेकदा पाहिलं आहे. संध्याकाळी बायका डोक्यावर मोळी घेऊन पलीकडच्या रानातून येतात. वाट राईच्या कडेनं जाते. राईत हाताच्या अंतरावर उत्तम वाळलेलं सरपण पडलेलं असतं, आणि त्या तासभर लांबून आणलेलं ओझं घेऊन त्याच्या शेजारून निघून जातात. कुणाची नजरसुद्धा तिकडे वळत नाही. किती पिढ्यांच्या किती संध्याकाळी असं झालं असेल! ज्या घरांना सरपणाची सगळ्यात जास्त गरज, त्यांनी ते पाळलं. आणि आपण गॅसवर स्वयंपाक करणारी माणसं एका रात्रीत तिथून कवेत मावतील एवढ्या फांद्या फोटोसाठी बाहेर आणतो.

म्हणून लिहायचं ठरवलं.

आता जरा आपल्या जाहिरातींकडे पाहू या. निऑनसारखं हिरवं जंगल, झाडाच्या बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पेटलेलं. ती छायाचित्रं खोटी असतातच असं नाही. कॅमेऱ्याचा पडदा तीस-तीस सेकंद उघडा ठेवला की तो मंद उजेड साठत जातो आणि चित्रात भडक दिसतो. डोळ्यांना ते तसं कधीच दिसत नाही. डोळ्याला दिसतो फिकट, राखाडी-हिरवट, धुरकट उजेड, आणि तोही पूर्ण अंधाराची सवय झाल्यावर. त्या सवयीला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि पांढऱ्या टॉर्चचा एक झोत चेहऱ्यावर आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. तरीही आपण ते चित्र दाखवून माणूस बसमध्ये बसवतो, राईपाशी त्याला जेमतेम तासभर देतो, चाळीस-पन्नास डोक्यांवर पांढरे दिवे असतात, आणि त्याला काहीच दिसत नाही. मग त्याची निराशा होऊ नये म्हणून कुणीतरी पाचोळा उकरतं, फांदी उचलून तळहाताच्या आडोशाला धरून दाखवतं. तिथून पुढे ती हातोहात फिरते. फांदी उचलणारा प्रत्येक माणूस वाईट नसतो. त्याला आपण असं काही दाखवायचं कबूल केलेलं असतं जे तिथे नाहीच, आणि जे आहे ते पाहायला लागणारा वेळ आपण त्याला देत नाही.

रस्त्याबद्दलही लिहिते. हा उजेड जून ते सप्टेंबरचा, आणि हेच महिने डोंगर सुटायचे. ३० जुलै २०१४ला सकाळी याच तालुक्यात माळीण दरडीखाली गेलं. १५१ माणसं गेली. नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं. माळीणच्या आसपासच्या या डोंगरांतून आपण शुक्रवारी रात्री, मुसळधार पावसात, दिवसभर गाडी चालवून थकलेल्या ड्रायव्हरच्या भरवशावर पन्नास-पन्नास मुलं नेतो, कारण रविवारी सकाळी त्यांना घरी सोडायचं असतं. ज्या सकाळी ती बातमी आली त्या सकाळी मी ऑफिसमध्ये होते. तोवर त्या बाजूनं मी कितीदा रात्री गाड्या नेल्या होत्या त्याची मोजदाद करत बसले होते. त्यानंतर मी पावसात रात्रीचा घाटरस्ता बंद केला. तुमच्यातल्या काहींनीही केला असेल. सगळ्यांनी करायला हवा.

पैशांचं काय? आमच्या गटाचा जुना हिशेब मी मुद्दाम काढून पाहिला. माणशी घेतलेल्या रकमेतला मोठा वाटा बसला गेला, नंतर जाहिरातीला, आमच्या खर्चाला. गावात राहिले ते फक्त जेवणाचे पैसे आणि वाट दाखवणाऱ्या पोराला दिलेली एक नोट. राई राखली कुणी, आणि तिच्या नावावर तिकीट लावलं कुणी! हे वाचताना तुमच्यातल्या काहींना राग येईल. मलाही स्वतःची वही पाहताना आला होता. आहुप्याच्या घरांना या पैशाची गरज नाही असं कुणी समजू नये. हिरड्यावर इथली घरं उभी असतात. बाळहिरडा, म्हणजे हिरड्याचं कोवळं फळ, झाडावरून उतरवायचा, वाळवायचा, विकायचा, त्यावर वर्षाचं मीठ-मिरची, पोरांची फी. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि आंबेगाव-जुन्नरच्या या पट्ट्यात हिरड्याचं अतोनात नुकसान झालं. एका दिवसात वर्षाची कमाई आडवी. अशा गावाला पाहुण्यांचा आधार झाला तर मला आनंदच आहे. पण रात्री साडेदहाला येऊन दीडला निघून जाणारी बस आधार होत नाही. ती फक्त झोप मोडते.

"मग कुणी जाऊच नये का?" हा प्रश्न मला आमच्याच गटातल्या एका तरुण लीडरनं विचारला, जरा चिडून. जावं. नक्की जावं. मी गेले नसते तर आज हे पत्र लिहिणारी बाई झाले नसते. फक्त कसं जावं ते ठरवायचा पहिला हक्क गावाचा आहे. आणि हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. आंबेगावचा हा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, इथे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे. २००६च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ नुसार जंगल, वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा अभयारण्यातून परवानगीशिवाय वनोपज बाहेर काढायला मनाई करतो. आपण यातल्या कुणाला विचारतो? ओळखीच्या एका मुलाला फोन करतो आणि 'लोकल गाइड' ठरला असं म्हणतो. तो मुलगा गावाला नाही म्हणू शकत नाही आणि आपल्यालाही नाही म्हणू शकत नाही. रात्रीच्या पावसात सत्तर माणसांना "फांदी ठेवा" असं तो कुणाकुणाला सांगणार?

तेव्हा माझं म्हणणं असं आहे. पावसातल्या रात्रीच्या बस बंद करा. यायचं तर दिवसाउजेडी या, गावात मुक्काम करा, राईकडे जाताना बारा-पंधरापेक्षा जास्त माणसं नकोत. दिवा लागलाच तर तांबडा कागद लावलेला आणि फक्त वाटेवर. राईच्या आत बसायची जागा गाव ठरवेल तीच, आणि तिथून पुढे पाऊल नाही. अर्धा तास अंधारात गप्प बसायचं, हे नोंदणी करतानाच सांगा. जो म्हणेल की एवढा वेळ नाही, त्याला दुसरा ट्रेक सुचवा, त्यात काही वाईट नाही. जाहिरातीत लांब उघडझापीचं चित्र टाकायचंच असेल तर खाली लिहा की डोळ्यांना हे असं दिसणार नाही. आणि लावणीच्या पंधरवड्यात गावाला त्रास देऊ नका. त्या दिवसांत तिथला प्रत्येक हात खाचरात असतो. खरंच जायचं असेल तर आदल्या दिवशी पोहोचा, विचारा, आणि चालत असेल तर दिवसभर आवणाच्या, म्हणजे लावणीच्या रोपांच्या, मुठी उचलून द्या. आमच्या गटातल्या सहा जणांनी एकदा हे केलं. संध्याकाळी कंबर सरळ होत नव्हती. त्या रात्री राईत बसल्यावर कुणीही "काहीच नाहीये" म्हणालं नाही. सगळे शांत बसून राहिले, बहुधा थकल्यामुळे, आणि त्यामुळेच त्यांना दिसलं.

आणखी एक. सगळं जग त्या एका उजेडासाठीच का धावतं? मार्गशीर्षात या. घाटवाट कोरडी असते, कड्यावरून खालचं कोकण स्वच्छ दिसतं. उन्हाळ्यात या आणि पहाटे राईच्या कडेला नुसते मान वर करून बसा. शेकरू एका झाडाच्या शेंड्यावरून दुसऱ्याच्या शेंड्यावर जाते, जमिनीला पाय न लावता. तिची काटक्या-पानांची घरटी मोजा. एकच शेकरू अनेक घरटी बांधते, आणि छत सलग असेल तरच तिचं चालतं. राईत ते सलग आहे. हिरड्याच्या दिवसांत कुणाच्या अंगणात बसून विचारा की हा कधी उतरवायचा, किती दिवस वाळवायचा, हातात घेऊन चांगला कसा ओळखायचा. मला हे सांगताना आजीचे हात किती वेगानं फिरत होते! रात्रीच्या बसमधल्या कुणालाही हे गाव भेटलेलंच नसतं.

मी तुम्हाला एकही गोष्ट अशी सांगितलेली नाही जी आमच्या गटाला लागू करत नाही. या पावसातल्या आमच्या आहुप्याच्या दोन्ही बॅच मी रद्द केल्या आहेत आणि आगाऊ घेतलेले पैसे परत केले आहेत. गटातल्या काहींना ते आवडलं नाही. पुढे काय करायचं ते आम्ही एकट्यानं ठरवणार नाही. पाऊस सुरू होण्याआधी, गावाला सवड असेल त्या दिवशी, आपण आयोजकांनी आहुप्यात जाऊन ग्रामसभेपुढे बसावं आणि विचारावं: माणसं यावीत का, किती यावीत, कोणत्या महिन्यात, राईच्या किती जवळ, आणि घेतलेल्या पैशातले किती गावाच्या खात्यात जमा व्हावेत. गाव नको म्हणालं तर नको. गावानं अटी घातल्या तर त्या आपण सगळ्यांनी सारख्याच पाळायच्या. एकानं पाळल्या आणि दुसऱ्यानं त्याची गिऱ्हाइकं पळवली, असं होऊ द्यायचं नाही. या एका कारणासाठी हे पत्र मी एकेकाला खाजगीत न लिहिता सगळ्यांना उघडपणे लिहिते आहे.

मी घाटानं येणार आहे. आदल्या रात्री खोपिवलीत मुक्काम, पहाटे पाचला निघायचं, ऊन चढायच्या आत पदरावर पोहोचायचं, दुपारच्या जेवणाला गावात. ज्यांना घाट चढवत नाही त्यांच्यासाठी दिवसाची एसटी आहे. किती जण येणार ते आठवडाभर आधी कळवा, म्हणजे आजींना तेवढ्याच भाकऱ्यांचं पीठ काढायला सांगता येईल.

आपली,
घाटवाटांवरची एक सोबतीण